ग्रामपंचायतची नगरपंचायत करायला खर्च किती येतो आणि तो भरतं कोण?

केळीबाग
मंडळी, आमचं गाव रावेर-यावल पट्ट्यातलं. नाव मुद्दाम टाकत नाही, गावात सध्या दोन तट पडलेत आणि मला कोणाशी वैर घ्यायचं नाही. लोकसंख्या दहा हजाराच्या वर गेली, आता नगरपंचायत करा अशी मागणी जोरात आहे. मागच्या मीटिंगला जो उठला तो एकच बोलला, निधी येईल. किती येईल, कुठल्या हेडखाली येईल आणि तो यायच्या आधी आपल्याला किती घालावे लागतील हे विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

मला जे समजलं ते टाकतो, जाणकारांनी भर घालावी.

जमिनीच्या खरेदीवर ग्रामपंचायत हद्दीत मुद्रांक शुल्क ३ टक्के, नगरपालिका-नगरपंचायत हद्दीत ४ आणि महापालिकेत ५, वरून १ टक्का अधिभार वेगळा. म्हणजे गावातल्या पोराने दहा लाखाचा प्लॉट घेतला तर फक्त हद्दीचा प्रकार बदलला म्हणून दहा हजार जास्त, रस्ता तोच, गटार तीच. हा खर्च कुठल्याच ठरावात लिहिलेला नसतो.

दुसरं म्हणजे ग्रामीण म्हणून ज्या योजना आहेत त्या सुटतात. मनरेगा गेली, म्हणजे सिंचन विहीर, गोठा हे गेलं. जलजीवन मिशन ग्रामीणचं. घरकुलाचं उलटं आहे, ग्रामीणला १ लाख २० हजार आणि शहरीला अडीच लाख, म्हणजे शहरी जास्तच, पण शहरी घरकुलाला जागेचा कागद आणि बांधकाम परवानगी लागते आणि आमच्याकडे गावठाणाबाहेर निम्म्या घरांना तो कागदच नाही.

मी विरोधात नाहीये. पण हिशोब न बघता सही करायला मन तयार नाही. ज्यांच्या गावात हे होऊन गेलंय त्यांनी प्लीज लिहा.

जुना_लेखापाल
केळीबाग भाऊ, प्रश्न एकदम बरोबर जागी ठेवलात. मी जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात नोकरी काढली, जिल्ह्याचं विभाजन पण पाहिलं आणि ग्रामपंचायती शहरात गेलेल्या पण पाहिल्या, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिले हे समजून घ्या की ग्रामपंचायत बंद होते तेव्हा तिची मालमत्ता नव्या बॉडीकडे जाते आणि देणी पण जातात. देण्यांमध्ये सगळ्यात मोठं काय असतं तर पाणीपुरवठ्याच्या पंपाचं आणि स्ट्रीटलाइटचं वीजबिल. वर्षानुवर्षं थकलेलं असतं, व्याज चढलेलं असतं. मग ठेकेदाराच्या डिपॉझिटा, कोर्टात चालू असलेल्या केसेस, कर्मचाऱ्यांचा न भरलेला भविष्य निर्वाह निधी. नवीन मुख्याधिकारी येतो आणि पहिल्या महिन्यात हे सगळं टेबलावर येतं, पण तोपर्यंत गावाला वाटत असतं की निधीची पहिली गाडी निघाली.

दुसरं, एकदाच होणारा खर्च आणि दरवर्षीचा खर्च वेगळा काढा. एकदाचा म्हणजे ऑफिस, फर्निचर, कॉम्प्युटर, सगळ्या मालमत्तांचं नव्याने मोजमाप आणि कर आकारणी, विकास आराखडा, दप्तर ट्रान्सफर. दरवर्षीचा म्हणजे मुख्याधिकारी, लेखापाल, अभियंता, कर निरीक्षक यांचे पगार, घंटागाडी, तिचा ड्रायव्हर, डिझेल, कचरा टाकायची जागा, फायरची सोय. एकदाच्या खर्चाला सरकार काहीतरी देतं. दरवर्षीच्या खर्चाला काही सहायक अनुदान मिळतं पण ते पुरत नाही आणि फरक घरपट्टीतून काढावा लागतो, तिथेच गावाला खरा फटका बसतो. योजनांना स्वहिस्सा लागतो तो वेगळाच, तो भरला नाही तर मंजूर झालेलं काम पण अडकतं.

तिसरं, मधला काळ. ग्रामपंचायत गेली आणि निवडणूक व्हायचीय तोपर्यंत प्रशासक, बहुतेक वेळा तहसीलदारच. त्याच्याकडे आख्खा तालुका असतो, तुमच्या गटारीला वेळ कुठून काढणार. आणि निवडून आलेली बॉडी नसेल तर वित्त आयोगाचे पैसे अडकतात, ती अट आहे. आपल्या जळगाव जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे कितीतरी काळ प्रशासक राहिला हे सगळ्यांना माहितीय. अडकलेला निधी कोणी खर्च म्हणून धरत नाही, पण गावासाठी तो खर्चच आहे, न झालेल्या कामाचा.

अहिर_भो
नाना एकदम खरं बोलनात. बठ्ठा खर्चा आम्हना माथे आणि उद्घाटन त्यास्नं. पैसा कोन देई हाई पहिले लिखी द्या, मंग करा नगरपंचायत.

भुसावळकर
खर्च खर्च करून आपण खान्देशवाले नेहमी मागे राहतो. मला सांगा, १५ तालुक्यांचा जळगाव जिल्हा किती दिवस ओढायचा? चाळीसगावपासून रावेरपर्यंत एकच कलेक्टर, एकच एसपी. भुसावळ जिल्ह्याची मागणी किती जुनी आहे, रेल्वे जंक्शन आहे, ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, दीपनगरला वीज केंद्र आहे, अ वर्ग नगरपालिका आहे, अजून काय पाहिजे. धुळ्यात ४ तालुके, नंदुरबारात ६ आणि आमच्याकडे १५. बोदवडच्या माणसाने कलेक्टर ऑफिसच्या एका कामासाठी दिवस घालवायचा, मजुरी बुडवायची, बसभाडं द्यायचं. हा खर्च पण धरा ना मग.

जुना_लेखापाल
भुसावळकर, मजुरी बुडते तो खर्च धरलाच पाहिजे, तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य. माझं म्हणणं फक्त एवढं की दोन्ही बाजू कागदावर या.

नवा जिल्हा म्हणजे फक्त कलेक्टर नाही हो. कलेक्टर, एसपी, जिल्हा परिषदेचा सीईओ, जिल्हा शल्य चिकित्सक, कृषी अधीक्षक, शिक्षणाधिकारी, कोषागार, भूमी अभिलेख, जिल्हा नियोजन, आणि प्रत्येकाखाली स्टाफ, गाड्या, क्वार्टर. पालघरचं उदाहरण बघा. जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला, मुख्यालयाचं संकुल सुरू झालं ऑगस्ट २०२१ मध्ये. सात वर्षं कारभार इकडे तिकडे जागा मिळेल तिथून. आणि ते संकुल सिडकोने बांधलं, बदल्यात सिडकोला जवळपास ४४० हेक्टर सरकारी जमीन मिळाली. मुंबईच्या पट्ट्यातली जागा आहे म्हणून तिथे जमीन देऊन बिल्डिंग निघाली. भुसावळच्या जमिनीला तो भाव कोण देणार, म्हणजे इथे रोख पैसाच लागणार.

विभाजनातलं सगळ्यात किचकट काम म्हणजे वाटणी. घरात भावाभावांची वाटणी होते तेव्हा शेताचा तुकडा मोजता येतो, पण विहीर सामाईक असते आणि भांडण तिच्यावरून होतं, तसंच इथे. इमारत ज्या जिल्ह्यात तिची त्याला, इथपर्यंत सोपं. पण पेन्शनरांचं काय, ज्याने पंधरा वर्षं इकडे आणि दहा वर्षं तिकडे नोकरी केली त्याचा बोजा कोणावर? शिक्षकांची सेवाज्येष्ठता यादी कशी फोडायची? कर्मचाऱ्यांकडून विकल्प मागवतात, मग सगळे सोयीच्या जागेचा विकल्प देतात आणि दुर्गम बाजूला पदं रिकामी राहतात. भविष्य निर्वाह निधीची खाती इकडून तिकडे जाताना लोकांच्या रकमा जुळेनात, रिटायर झालेला माणूस चकरा मारतो. ही फाइल मी स्वतः हाताळलीय, जिल्हा सुरू होऊन गेला तरी हिशोब संपत नव्हता.

सातपुड्याची_लेक
नाना, तुमचा अनुभव मोठा आहे पण मी दुसरी बाजू लिहिते, राग मानू नका.

मी नंदुरबार जिल्ह्यातली. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळं झालो. त्याच्या आधी धडगाव, मोलगीच्या माणसाला जिल्ह्याचं काम म्हणजे धुळं. सातपुडा उतरायचा, शहादा किंवा तळोदा गाठायचं, तिथून पुढे धुळे, रात्री परत येणं शक्य नाही म्हणून स्टँडवर झोपायचं. माझ्या आजोबांनी जातपडताळणी नव्हती तेव्हाचे साधे दाखले काढायला हे केलंय. हे पैसे कुठल्या लेखा विभागात दिसले? कुठेच नाही, कारण ते आदिवासी माणसाच्या कमरेच्या पिशवीतून जात होते.

२०२० ला नंदुरबारला सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत सगळीकडे ऑक्सिजनसाठी धावाधाव होती तेव्हा आमच्याकडे तेव्हाचे कलेक्टर डॉ. राजेंद्र भारूड यांनी आधीच ऑक्सिजन प्लांट उभे केलेले होते, देशभर बातमी झाली. साक्री तालुक्यातल्या आदिवासी घरातला माणूस. धुळ्यात बसून नंदुरबारच्या हॉस्पिटलचं एवढं बारीक लक्ष ठेवणं कोणाला जमलं असतं का, मला नाही वाटत. म्हणून जिल्हा झाल्याचा खर्च मला वसूल झालेला वाटतो, मनापासून.

पण केळीबाग दादा, नगरपंचायतच्या बाबतीत मी तुमच्यासारखीच सावध आहे. आमच्याकडे पेसा आहे, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जास्त अधिकार देणारा कायदा. पेसाच्या ग्रामपंचायतीला आदिवासी उपयोजनेतून ५ टक्के अबंध निधी थेट येतो, काय करायचं ते ग्रामसभा ठरवते. गाव शहरी झालं की तो दरवाजा बंद. ग्रामसभाच राहत नाही, १७ नगरसेवक राहतात. रुपयात मोजाल तर कदाचित शहरी निधी जास्त भरेल, पण तो रस्त्यावर जाईल की पाड्यावरच्या पाण्यावर हे ठरवायचा हक्क बायांच्या हातातून जातो. तो हिशोब पण करा.

वॉर्ड_नंबर_तीन
आमचं गाव महापालिकेत गेलं. हद्दवाढ. कुठली महापालिका ते लिहीत नाही.

टॅक्स एकदम नाही वाढवत, पहिले ग्रामपंचायतचा दर चालू ठेवतात आणि मग टप्प्याटप्प्याने महापालिकेच्या दरावर नेतात, कायद्यात तशी सोय आहे. पण टप्पे संपतातच ना कधीतरी. आता घरपट्टीच्या बिलात शिक्षण कर, वृक्ष कर असे कॉलम आलेत जे आमच्या आईने आयुष्यात पाहिले नव्हते. शिक्षण कर तर महापालिका वसूल करते आणि राज्य सरकारला भरते, आमच्या गल्लीत त्यातला रुपया थांबत नाही. बिल आलं पण पाइपलाइन नाही आली. ग्रामपंचायत होती तेव्हा बोअरवर पाणी यायचं, दिवसाआड का होईना, आणि नाही आलं तर सरपंचाच्या ओट्यावर जाऊन बसता यायचं. आता तक्रार करायला रिक्षाने जावं लागतं आणि साहेब साइटवर असतात.

आणखी एक. पुण्याकडे फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं २०१७ ला महापालिकेत घेतली, टॅक्सवरून लोकांची नाराजी वाढत गेली आणि शेवटी २०२४ ला ती बाहेर काढून वेगळी नगरपरिषद केली. म्हणजे एकदा आत घ्यायचा खर्च झाला, परत बाहेर काढायचा पण झाला, दोनदा दप्तर हललं, दोनदा मोजणी. वसई-विरारला २००९ ला महापालिका केली तिथे पण गावं वगळा म्हणून वर्षानुवर्षं कोर्ट चाललं. वकिलांच्या फीचे पैसे दोन्ही बाजूंनी जनतेचेच.

केळीबाग
ताई, ग्रामसभेचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता, मी फक्त रुपये मोजत होतो. धन्यवाद.

वॉर्ड भाऊ, शेतीच्या जमिनीचं काय झालं तुमच्याकडे? आमच्याकडे गावाला लागून सगळ्या केळीच्या बागा आहेत, ठिबक केलेलं, लाखो रुपये जमिनीत. डीपी म्हणजे विकास आराखडा आला आणि बागेवर गार्डनचं नाहीतर शाळेचं आरक्षण पडलं तर?

वॉर्ड_नंबर_तीन
आरक्षण पडलं की जमीन लगेच घेत नाहीत, पैसे नाहीत म्हणून. पण तुम्हाला विकता पण येत नाही नीट, बँक पण मान हलवते. वर्षं जातात. ज्याचा प्लॉट आरक्षणातून सुटला त्याचा भाव दुप्पट, ज्याचा अडकला तो बसला. गावातली जुनी मैत्री त्याच्यात गेली, एवढंच सांगतो.

अमळनेरकर_इंग्लंड
मी मूळ अमळनेरचा, आता काही वर्षं इकडे इंग्लंडात कौन्सिलच्या, म्हणजे इकडच्या स्थानिक स्वराज्य संस्थेच्या, आयटीत काम करतो. इकडे सध्या हाच विषय पेटलाय म्हणून लिहितो. इंग्लंडमध्ये बऱ्याच भागात दोन थर आहेत, वर काउंटी आणि खाली डिस्ट्रिक्ट, आपल्या झेडपी आणि पंचायत समितीसारखं समजा, फक्त खालचा थर जास्त स्वतंत्र. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने जाहीर केलं की हे दोन थर काढून सगळीकडे एकच कौन्सिल करायचं. म्हणजे तुमच्याकडे तोडायची चर्चा, इकडे जोडायची.

जोडण्यात पैसे वाचतात असं वाटतं, पाच ऑफिसांच्या जागी एक. पण आधी खर्च होतो. मोठ्या अधिकाऱ्यांना कमी करताना भरपाई द्यावी लागते आणि ती मोठी असते. प्रत्येक कौन्सिलचं टॅक्सचं, बेनिफिटचं, पगाराचं सॉफ्टवेअर वेगळं, ते एकत्र करायला वर्षं जातात, जुनी कॉन्ट्रॅक्टं मध्येच तोडली तर दंड, तोवर दोन्ही सिस्टीम पैसे भरून चालू ठेवायच्या. हे मी रोज बघतो, एकाच माणसाचा पत्ता चार सिस्टीममध्ये चार प्रकारे असतो आणि तो जुळवायला माणसं बसवावी लागतात. मग प्रत्येक डिस्ट्रिक्टचा कौन्सिल टॅक्स, म्हणजे इकडची घरपट्टीच, वेगळा असतो तो समान करायचा, त्याला सात वर्षांपर्यंत मुदत असते. समान करताना वरच्या दराला नेलं तर लोक ओरडतात, खालच्या दराला आणलं तर कौन्सिलचं उत्पन्न बुडतं.

सॉमरसेटचं उदाहरण सांगतो. तिथे दोन डिस्ट्रिक्ट २०१९ ला एकत्र करून एक केलं. नवीन नाव, नवीन बोर्ड, नवीन सिस्टीम. आणि १ एप्रिल २०२३ ला ते पण बरखास्त करून काउंटीसकट सगळ्यांचं एकच कौन्सिल केलं. म्हणजे चार वर्षांत दोनदा तोच खर्च. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नव्या कौन्सिलने आर्थिक आणीबाणी जाहीर केली. मुख्य कारण वृद्ध आणि आजारी लोकांच्या देखभालीचा वाढलेला खर्च होता, पुनर्रचना नाही, पण पुनर्रचनेतून होणारी बचत त्या खड्ड्यापुढे पुरली नाही.

एक गोष्ट मात्र इकडची घेण्यासारखी. प्रस्ताव देतानाच लेखी मांडावं लागतं की बदलाला एकदाच किती लागतील, दरवर्षी किती वाचतील आणि घातलेले पैसे किती वर्षांत वसूल होतील. आकडे बरेचदा जास्त आशावादी असतात, त्यावर टीका होते, वाद होतात. पण वाद घालायला हातात आकडा तरी असतो.

भुसावळकर
हे आवडलं. आम्हाला पण असा कागद दिला तर आम्हीच तो गावोगाव घेऊन फिरू. मला खात्री आहे पूर्व भागातल्या लोकांचा बुडालेला दिवस आणि भाडं धरलं तर भुसावळ जिल्हा हिशोबात बसतो.

जुना_लेखापाल
मग तोच कागद मागा, मी आकडे लावायला मदत करतो. १९०६ मध्ये इंग्रजांनी खान्देशचे पूर्व-पश्चिम दोन भाग केले तेव्हा आपल्याला कोणी विचारलं नव्हतं. आता विचारायचा हक्क आहे.

पाणीवाल्याची_पोर
सगळे निधीचं लिहिताय, मी माणसांचं लिहिते.

माझे वडील ग्रामपंचायतीत पाणी सोडायचं काम करायचे. पहाटे चारला व्हॉल्व्ह फिरवायला जायचे, पावसाळ्यात सुद्धा. गावाची नगरपंचायत झाली तेव्हा फटाके वाजले, पप्पा पण खूश होते की आता सरकारी पगार लागेल. मग समावेशनाची, म्हणजे जुन्या कर्मचाऱ्यांपैकी कोणाला नगरपंचायतीत घेणार त्याची यादी आली. आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या तक्त्यात, पदं मोजकी, शिक्षणाची अट, नेमणुकीचा ठराव पाहिजे, हजेरीपत्रक पाहिजे. पप्पांचा ठराव जुन्या दप्तरात सापडेना. इतकी वर्षं काम केलेलं सगळं गाव बघत होतं पण कागद नाही म्हणून नाव नाही. नंतर त्यांना ठेकेदाराकडे तेच काम मिळालं, तोच व्हॉल्व्ह, पगार आधीपेक्षा कमी आणि ठेका बदलला की परत टेन्शन.

नगरपंचायतने त्याच्यात पैसे वाचवले असतील. ते आमच्या घरातून गेले.

केळीबाग दादा, तुमच्या गावात किती लोक आहेत असे, शिपाई, पाणीवाले, झाडूवाल्या मावश्या, लाइटवाला, त्यांची नावं आणि ठराव नंबर आत्ताच, ग्रामपंचायत चालू असतानाच काढून ठेवा. नंतर दप्तर कुठे जातं कोणाला सांगता येत नाही.

केळीबाग
ताई, तुमचं वाचून खरंच हललो. उद्याच ग्रामपंचायतीत जाऊन हे रजिस्टर मागतो. आमच्याकडे पण दोघं पाणीवाले आहेत, एकाला तर मी लहानपणापासून काका म्हणतो, त्यांचा ठराव कधी झाला कोणालाच सांगता येणार नाही.

सगळ्यांचं वाचून मी ग्रामसभेत हे लेखी मागणार आहे. वीजबिलासकट सगळी थकबाकी आजच्या तारखेला किती. नगरपंचायत झाल्यावर पहिल्या तीन वर्षांचा पगार, कचरा, पाणी यांचा अंदाज आणि त्यातलं अनुदान किती. घरपट्टी आजच्या घराला आज किती आणि नव्या आकारणीत किती, निदान दहा वेगवेगळ्या घरांचा नमुना, कुडाचं घर पण त्यात आणि स्लॅबचं पण. मनरेगात चालू असलेल्या विहिरी आणि गोठे अर्धवट राहिले तर पुढचे पैसे कोण देणार. आणि कर्मचाऱ्यांची यादी ठराव नंबरसकट.

नाना, यात काही राहतंय का?

जुना_लेखापाल
दोन गोष्टी टाका. पाणी योजनेचे कागद, म्हणजे ती योजना जिल्हा परिषदेने ग्रामपंचायतीला रीतसर हस्तांतरित केलीय का. बऱ्याच ठिकाणी झालेली नसते आणि मग दुरुस्ती कोणाची यावर दोन ऑफिसं भांडतात आणि नळ कोरडा. आणि गायरान, गावठाण, बाजाराची जागा यांचे उतारे काढून ठेवा, आठवडे बाजाराचं उत्पन्न पुढे कोणाला जाणार ते त्यावरून ठरतं.

आणि हे सगळं फक्त ग्रामसभेत बोलून सोडू नका. शासनाची प्रारूप अधिसूचना निघते तेव्हा हरकती-सूचनांना ३० दिवस असतात, त्या मुदतीत कलेक्टर ऑफिसला लेखी द्या, आवक नंबर आणि शिक्का घ्या. तोंडी विरोध किंवा तोंडी पाठिंबा फाइलला लागत नाही.

सातपुड्याची_लेक
ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायला लावा दादा, कायद्यात आहे ते. पाण्याचं आणि घरकुलाचं खरं तिथेच कळेल, पुरुषांच्या मीटिंगला फक्त निधी निधी होतं.

अहिर_भो
आम्हना गावले बी हाईच चालू शे. केळीबाग भो, तुम्हना अर्ज तयार व्हयना का अठे टाकी द्या, आम्ही बी तोच देतस.

केळीबाग
टाकतो भाऊ. आधी थकबाकीचे आकडे हातात येऊ द्या, अर्जात ते पाहिजेतच, नाहीतर परत निधी येईल एवढंच उत्तर मिळेल. वीजबिलाच्या प्रतीसाठी आज सकाळीच माहिती अधिकारात अर्ज दिलाय.